देवानं आपलं अंग आपण आणावं

बाईंना राग यायला कारण लागत नाही, असं परळीत म्हणायचे. खोटं आहे. कारण दर वेळी असायचं. लोकांना ते दिसायचं नाही, आणि दिसलं तरी त्यात रागावण्यासारखं काय, असं वाटायचं. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी 'तापट होत्या, पण मनानं चांगल्या' असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्यातलं 'पण' मला सहन होत नाही. आयुष्यात जी मोजकी चांगली माणसं मी पाहिली ती सगळी तापट होती. थंड डोक्याच्या माणसांनी काय काय केलं तेही मी पाहिलंय.

त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. माझी शाळा वेगळी, पण बाईंनी नोकरी कशी सोडली ते गावात सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी सरस्वती काढली होती. सावळी, जरा पोक आलेली, वीणा वाजवून वाजवून बोटांना घट्टे पडलेली. कुणीतरी मोठे पाहुणे येणार होते. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तेवढी गोरी करून घ्या.

"कावून?" बाई म्हणाल्या. "काळी असली की शिकवत न्हाई का?"

मुख्याध्यापक स्वतः काळे कुळकुळीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरून पेंटर बोलावला. पेंटर येऊन बघतो तर बाई भिंतीला पाठ लावून उभ्या. तास झाले, मधली सुट्टी झाली, बाई हलल्या नाहीत. पेंटर बिचारा डबा-ब्रश घेऊन समोरच्या लिंबाखाली बसून राहिला आणि शाळा सुटल्यावर निघून गेला. पुढं रविवार आला. शाळा बंद, बाई घरी. सोमवारी बाईंनी गोरीपान सरस्वती पाहिली, रंगपेटी टेबलावर ठेवली आणि घरचा रस्ता धरला. पुन्हा त्या गल्लीतसुद्धा गेल्या नाहीत. भाजी आणायची तरी लांबचा वळसा घालून जायच्या.

शांत असल्या की बाई पुस्तकातलं मराठी बोलायच्या. राग आला की त्यांचं खेडं तोंडात यायचं. त्यामुळं मी त्यांच्या तोंडून बहुतेक खेड्यातलंच ऐकलं.

देवाचं अंग हा त्यांचा कायमचा भांडणाचा विषय. गणपतीच्या दिवसांत मूर्तीच्या दुकानात शिरून मूर्तिकाराला विचारायच्या, "ह्यो उठून हुबा ऱ्हायला तर चालंल का? गुडघा कुठंय ह्याचा?" गिऱ्हाइकं हसायची, मूर्तिकार चिडायचा. कुणाच्या घरी कॅलेंडर दिसलं की आधी देवाचे पाय बघायच्या. "येवढ्या लांबून आलाय आन् टाचंला धूळ न्हाई. मोटारीनं आला का?" परळीत थर्मल वीजकेंद्राची राख सगळ्यांच्याच अंगावर बसते, ताटात, वाळत घातलेल्या धुण्यावर, लेकराच्या पापण्यांवर. देव तेवढे धुऊन पुसून ठेवल्यासारखे, ह्याचा बाईंना खरोखरचा राग होता. लोक त्याला विक्षिप्तपणा म्हणायचे.

माझी-त्यांची गाठ पडली ती आप्पांच्या माडीवर. आप्पांचं बाजारपेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, जुन्या पद्धतीचे व्यापारी. पण जमाना कुठं चाललाय ते त्यांना गिऱ्हाइकाच्या चालण्यावरून कळायचं. नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास काढला. मी तिथं शिकवायला होते. आप्पांचा भाचा पुण्याच्या एका कंपनीत भागीदार होता. ती कंपनी कॉम्प्युटरवरचा गेम बनवत होती. त्या काळात पुण्याहून येणारा प्रत्येक माणूस 'ग्लोबल' हा शब्द खिशात घालूनच यायचा. भाचाही तसाच.

गेम असा होता: कल्पनेतला एक मुलूख आणि तिथले कल्पनेतले देव. खेळणारा संकटात सापडला की एखाद्या देवाला हाक मारतो. देव शरीर घेऊन येतो, मदत करतो, जातो. किल्ले, लढाया, राक्षस हे सगळं पुण्यात होणार होतं. देव दिसतात कसे, प्रकट होतात कसे, एवढं चित्रं काढून ठरवून पाहिजे होतं, आणि तेही स्वस्तात. आप्पांना बाई आठवल्या. बाईंनी काढायचं, मी स्कॅन करून पुण्याला पाठवायचं, असं ठरलं.

भाच्यानं नमुन्याला परदेशी चित्रं आणली होती. देवांच्या छात्या कपाटाएवढ्या, देव्यांच्या कमरा मनगटाएवढ्या. बाईंनी एक चित्र हातात घेतलं.

"ह्यो देव हाय का तालमीतला वस्ताद?"

"मावशी, लोकांना पॉवरफुल लागतात."

"मी तुझ्या आईची बहीण न्हाई. आन् ही?" देवीच्या कमरेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हिची आतडी कुठं ठिवलीत? घरी?"

आप्पा हसू दाबत खाली निघून गेले. बाई मात्र एकदम शांत झाल्या आणि पुस्तकातल्या आवाजात म्हणाल्या, "मला एक सांगा. हा देव आहे. वरूनच मदत करू शकतो. मग खाली येऊन अंग कशाला घेतो?"

भाच्याला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे... स्क्रीनवर दिसायला पाहिजे ना."

"दिसायला?" पुस्तक मिटलं. "अंग घेतलं की भूक लागती. खरूज होती. ठेच लागती. अंग म्हंजे काय झबलं हाय व्हय, घातलं आन् काढलं?"

तरी त्यांनी काम घेतलं. मला वाटतं, शाळा सोडल्यापासून त्या नेमक्या ह्याच कामाची वाट बघत होत्या.

ते महिने मी विसरणार नाही. प्रत्येक देवाला बाई तेच विचारायच्या: हा कशातून आला, आल्यावर कुणाचं काय गेलं, आणि गेल्यावर मागं काय राहिलं? उत्तर सापडेपर्यंत पेन्सिल उचलायच्या नाहीत. तोवर माझ्यावर, चहावाल्यावर, क्लासच्या पोरांवर खेकसायच्या. सापडलं की एका बैठकीत चित्र संपवायच्या आणि मग चित्रावरच डाफरायच्या, इतका वेळ कुठं मेला होतास म्हणून.

पाण्याचा देव त्यांनी रांजणाच्या बाहेरच्या ओलाव्यात काढला. तहानलेला माणूस पाणी पीत जातो तसा तो ओलावा खाली उतरत जातो. देव उरवायचा का संपवायचा, ते पिणाऱ्यानं ठरवायचं. भाकरीच्या देवीला कोपरापासून पुढचे दोन हात फक्त. मी विचारलं, बाई, बाकीचं अंग? म्हणाल्या, "आणायला फुरसत कुठंय तिला?" लढाईचा देव पहिल्यांदा येतो तेव्हा तरणाबांड असतो. पण त्याला लागलेली जखम त्याच्या अंगावर तशीच राहते. पुढच्या हाकेला तो ती जखम घेऊनच येतो. शेवटी लंगडा, एका हाताचा, एका डोळ्याचा म्हातारा येऊन उभा राहतो. "हाक मारली की त्याला यावंच लागतं," बाई म्हणाल्या. "म्हणून इचार हाक मारणाऱ्यानं करायचा."

आणि राखेचा देव. सगळा कागद करडा, बारीक पेन्सिलीनं भरलेला. मधोमध कुणीतरी मांडी घालून बसावं एवढीच जागा कोरी. "बसलाता, उठून गेला," बाई म्हणाल्या. "तेवढीच जागा स्वच्छ." रोज सकाळी कीबोर्डवरची राख फुंकून फुंकून मी वैतागलेली असायचे. त्या दिवशी मात्र स्कॅनरचं झाकण उघडं ठेवून त्या कोऱ्या जागेकडं बघत बसले.

दुपारी बाईंची थोरली बहीण डबा घेऊन यायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. दोघीही बिनलग्नाच्या, दोघीच घरात. अक्का बोलायची नाही फारसं. केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर पदर, पदराला टाचणी. कायम भिंतीला टेकून बसायची. मागून कुणी गेलेलं तिला चालत नसे. खालून एखादी मिरवणूक हलगी वाजवत गेली की अक्का कानांवर हात दाबायची. मग बाई हातातलं काम टाकून वर्तमानपत्र उघडायच्या आणि घसा फाटेस्तोवर मोठ्यानं वाचायला लागायच्या. जे समोर येईल ते. भाव, निधनवार्ता, पंप विकणे आहे, वधू पाहिजे. हलगी लांब जाईपर्यंत वाचतच राहायच्या. पोरं हसून लोळायची. मीही हसायचे. बाईंच्या शंभर तऱ्हांपैकी एक, असं मला वाटायचं.

सगळ्यात शेवटी त्यांनी हाक मारणारी बाई काढली. देवाला हाक मारायला कुणीतरी माणूस पाहिजेच, आणि त्या माणसाचं अंग देवापेक्षा नीट काढलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. चित्रातली बाई ताठ उभी होती, तोंडाजवळ दोन्ही हात धरून. अंबाडा घट्ट. चेहरा अक्काचा. अक्कानं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून पोरीसारखी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

भाचा चित्रं बघायला आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. तो खुर्चीत बसला, मी एकेक चित्र स्क्रीनवर लावत गेले. त्याचा चेहरा पडत गेला.

"मावशी, गिऱ्हाइकाला देव लेव्हलप्रमाणं तगडा व्हायला पाहिजे. तुमचा लंगडा होतोय."

"लढाया करून कोण तगडं होतं बे?"

"आणि हे नुसते हात? ही रिकामी जागा? ह्याला कोण पैसे देईल?" मग त्याचे डोळे चमकले. त्याला काहीतरी सुचलं होतं. "एक आयडिया आहे. आपल्याकडं ते असतंच की, अंगात येणं! देवीला वेगळं शरीर द्यायचंच नाही. खेळणाऱ्यानं गावातली एक पोरगी निवडायची. देवी तिच्या अंगात शिरते. केस मोकळे, डोळे पांढरे. पोरीच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी. देवीची ताकद वाढत जाते तशी पट्टी कमी होत जाते. पट्टी संपली की दुसरी पोरगी घ्यायची. फॉरेनवाल्यांना लई आवडेल."

मी बाईंकडं बघितलं. आता भडका उडणार, असं वाटलं. उडाला नाही. आप्पा चहा सांगायला वर आले होते, ते दारात थबकले.

"ही मेली की दुसरी?" बाईंनी विचारलं.

"गेम आहे, मावशी."

"माझ्या अक्काच्या अंगात यायचं," बाई म्हणाल्या. आवाज इतका खालचा की पंख्याचा आवाज मोठा वाटला. "डोंगरातलं गाव आमचं. पयल्यांदा आलं तवा तिला ताप होता. गावात डॉक्टर न्हवता, हलगी होती. पोरगी तापात बडबडली, लोकांनी पाय धरले. मग दर मंगळवारी बसवाया लागले. माजा बाप, चुलता, समदं गाव. कुणाचा बैल हरवला, कुणाला पोर होईना, कुणाला निवडणुकीला हुबं ऱ्हायचंय. केस मोकळे सोडायचे, हलगी वाजवायची. न्हाई आलं तर लिंबाच्या फोकानं मारायचं, येईस्तवर. आलं की पाया पडायचं. मारणारे हात आन् पाया पडणारे हात एकच. तिचं लगीन केलं न्हाई. देवीचं अंग म्हणले, दुसऱ्याच्या घरी कसं द्यावं? आन् माझी शाळा झाली ती तिच्या पुढ्यात पडलेल्या नारळा-तांदळावर. नोकरी लागली त्या दिवशी मी तिला घिऊन निघालते, पुन्हा गावाकडं बघितलं न्हाई."

मग त्यांनी आवाज चढवला. "देवी येत व्हती का न्हाई, मला ठावं न्हाई. येत असंल तर माझं तिला येवढंच सांगणं हाय. तुला अंग पायजे ना? मग तुझं तू आण. माझ्या बहिणीचं कावून वापरलंस?"

आप्पांनी मान खाली घातली. कुठलाही माणूस तिथं गप्प बसला असता. भाचा खुर्चीत पुढं सरकून म्हणाला, "मावशी, ही तर जबरदस्त स्टोरी आहे. ही आपण गेममध्ये घेऊ शकतो का?"

टेबलावर पाण्याचा तांब्या होता. बाईंनी तो उचलला, भाच्याच्या डोक्यावर धरला आणि हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. देवाला अभिषेक करावा तसा. मग तांब्या जागच्या जागी ठेवून त्या जिना उतरल्या. काम सुटलं.

मला आजही त्या भाच्याचा चेहरा आठवला की हात शिवशिवतात. तो दुष्ट नव्हता. तेच तर मला सोसत नाही. त्याला खरंच वाटत होतं की तो बाईंचं कौतुक करतोय.

काही दिवसांनी बाजाराच्या दिवशी बाई आपली मूळ चित्रं न्यायला आल्या. मी ती बांधून ठेवली होती. त्या वेळी पुण्याहून एक फाइल येत होती, मराठी शब्द तपासायला. आमच्याकडं इंटरनेट फोनच्या तारेवरचं. चित्र एकदम यायचं नाही. वरून खाली पट्टी पट्टीनं उतरायचं. बाई गाठोडं सोडून चित्रं बघत होत्या आणि स्क्रीनवर आधी मोकळे सोडलेले केस आले. मग कपाळ, त्यावर मळवट. मग नुसते पांढरे डोळे. नाकापर्यंत आल्यावर मला कळलं. मागं बघितलं तर बाई उभ्या होत्या. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं.

हाक मारणाऱ्या बाईचं चित्र पुण्यावाल्यांनी घेतलं होतं. अंबाडा सोडला होता, डोळे पुसले होते, वय कमी केलं होतं. चेहरा अक्काचा. डोक्यावर हिरवी पट्टी.

"ह्याचा कागद निघंल का?" बाईंनी विचारलं.

मी प्रिंट काढून दिली. त्या ती घेऊन खाली गेल्या आणि आप्पांच्या दुकानाच्या पायरीवर मधोमध बसल्या. भर बाजार, माणसांची रेटारेटी. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कागद दाखवून त्या सांगायला लागल्या, "ही माझी बहीण. लई वरसांमागं सोडवून आणलती. आप्पांच्या भाच्यानं तिला पुन्हा बसवली."

आप्पा हात जोडून आले. "बाई, वर बसून बोलू."

"वर लई बोलून झालं."

गर्दी जमली. गर्दी जमल्यावर माणसं जे करतात तेच सगळं झालं. कुणी म्हणालं, डब्यातलं चित्र ते, खरं कुठंय? कुणी म्हणालं, देवीचंच हाय की, चांगलंय. एका पुढाऱ्याचा माणूस बाईंना म्हणाला, "मावशी, देवाधर्माचा तमाशा कावून करता?" तमाशा बाई करत होत्या म्हणे! मी त्याला काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, पण तो मागं सरकला.

कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असावं. अक्का आली. पदर घट्ट धरून, गर्दीतून वाट काढत, बहिणीला शोधत. ती पायरीपाशी पोचली आणि गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, बाईंच्या हातातल्या कागदाकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. आणि तो एकदम तिच्या पायांवर कोसळला.

"आई! आई आली!"

तो त्यांच्या गावचा होता. त्यानं पाय धरलेले बघून शेजारच्या बायका वाकल्या. मग ज्यांना काहीच माहीत नव्हतं तेही वाकले. मागून कुणीतरी 'नारळ आणा' म्हणून ओरडलं. बाई उठून "हात काढा! हात काढा तिच्यावरचे!" म्हणून किंचाळत होत्या, पण पाया पडणाऱ्या माणसाला कुठं ऐकू येतं? अक्का थरथरत होती. पदराची टाचणी सुटली होती. आता येणार, असं सगळ्यांना वाटत होतं. वाटत कसलं, ते वाट बघत होते. त्यांचे चेहरे मी पाहिले. एका थरथरणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कुणी आडोसा केला नाही, बसायला जागा दिली नाही. सगळे आशेनं बघत होते.

अक्कानं डोळे मिटले, उघडले. खाली वाकून तिनं म्हाताऱ्याची मनगटं धरली आणि पायांवरून बाजूला केली.

"बाबा, कुणी आल्यालं न्हाई. मी हाय."

"आई, नातीला चालता येईना. पाय उचलंना पोरगी. येवढं एक सांग. माझ्या बैलाचं सांगितलंतं तू, खरं निघालतं."

"मला ठावं न्हाई."

"आसं नगं म्हणू, आई."

"तवाबी ठावं न्हवतं," अक्का म्हणाली.

म्हातारा गुडघ्यांवर तसाच. त्याच्या तोंडावर आधी भीती होती, मग तिथं राग चढला. "मग आमी येवढी वरसं कुणाच्या पाया पडलो?"

"माझ्या," अक्का म्हणाली. "आन् मारलंबी मलाच."

तिनं पदर सारखा केला आणि पायरीवर बहिणीशेजारी बसली. लोक पांगले. लोकांना पाहिजे ते तिथं आता काही उरलं नव्हतं.

बाईंनी कागद फाडला. मग म्हाताऱ्याकडं वळून खेकसल्या, "तुला वळखलंय मी. हलगी तूच वाजवायचास. नात कुठंय?" पोरगी बैलगाड्यांच्या अड्ड्यावर सुनेजवळ होती. बाई त्याच दुपारी तिला, सुनेला आणि म्हाताऱ्याला घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. एसटीत चढल्यापासून उतरेपर्यंत त्या म्हाताऱ्याला फैलावर घेत होत्या, असं त्याची सून मला नंतर म्हणाली. पोरगी पुढं काठी घेऊन का होईना, चालायला लागली. म्हातारा आभार मानायला आला तर बाईंनी दार उघडलं नाही.

आप्पांनी दुकानातूनच भाच्याला फोन लावला, सगळ्यांदेखत. "त्यो चेहरा काढून टाक. न्हाई काढला तर ह्या पायरीवर पाय ठिवू नको." भाच्यानं काढला. आप्पांनी केलं ते थोडं नव्हतं. घरच्या माणसाविरुद्ध भर बाजारात कोण बोलतं?

गेम निघाला. लंगडा देव त्यात नव्हता, भाकरीचे हात नव्हते, ती कोरी जागा नव्हती. पोरगी होती. मोकळे केस, पांढरे डोळे, डोक्यावर पट्टी, चेहरा दुसरा. मी बाईंना सांगायला गेले. खुशीत होते मी. म्हणाले, बाई, अक्काचा चेहरा काढून टाकला त्यांनी.

"मंग आता कुणाची लेक हाय ती?"

"कुणाचीच नाही, बाई. कॉम्प्युटरवर बनवलेली आहे."

"म्हंजे तिच्यासाठी पायरीवर बसाया कुणीच न्हाई," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी नवीन खोड लावून घेतली. स्टेशन रोडला एक सायबर कॅफे निघाला होता, तिथं पोरं तो गेम खेळायची. बाई येता-जाता आत शिरायच्या, पोरांच्या मागं उभ्या राहायच्या आणि ती पोरगी पडद्यावर आली की भिंतीतली पिन उपटून चालत्या व्हायच्या. पोरं बोंबलायची. मालकानं समजावलं, मग दमदाटी केली, मग दाराला एक पोऱ्या बसवला. गावात म्हणायला लागले, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. आधी तापट म्हणायचे, आता वेडी. दोन्ही शब्द सारखेच सोयीचे.

शेवटी मालकानं मलाच बोलावलं. तुमच्या बाईंना आवरा म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला हात लावता येत नाही. मी ऐकत होते. तो चांगलं बोलत होता, चहासुद्धा मागवला होता त्यानं. त्याच्यामागं दोन पोरं खेळत बसली होती, शाळेच्या कपड्यातली, आमच्या क्लासला येणाऱ्या पोरांसारखीच.

"मेली बे ही," एक जण म्हणाला. "दुसरी घे."

मालक बोलतच होता. मी उठले, त्याच्या बाजूनं गेले, भिंतीपाशी वाकले आणि बोर्डातल्या सगळ्या पिना एकेक करून ओढल्या. खोलीतले सगळे पडदे काळे झाले.

"लाईट गेली बे!" पोरं ओरडली.

"गेली न्हाई," मी म्हणाले. "मी काढली."